विश्लेषण : घरात स्मोक डिटेक्टर नेमका कुठे बसवायचा? पत्रा, माळवद आणि ‘खाली दुकान, वर घर’ यांचे गणित वेगळे का?

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा फाटा येथे फर्निचरच्या दुकानाला आग लागली. दुकानाच्या वरच राहणाऱ्या कुटुंबातील पाच जण त्यात दगावले. मृतांमध्ये लहान मुले होती, वृद्ध महिला होती. त्याआधी ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खालच्या मजल्यावरील शिलाईच्या दुकानाला आग लागून वरच्या मजल्यावरील एकाच कुटुंबातील सात जण गेले. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे हार्डवेअरच्या दुकानात, पोटमाळ्यावर झोपलेले आई-वडील आणि दोन मुले. ६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत पुन्हा सात जण. तिथेही तळाला दुकान, वर राहते घर.

ठिकाणे वेगळी, आगीची कारणेही वेगळी. पण वेळ एकच आहे, मध्यरात्र ते पहाट. घराची रचनाही एकच आहे. जामखेड तालुक्यातील खर्डा गावच्या पेठेतून किंवा जिल्ह्यातील कोणत्याही बाजारगावच्या मुख्य रस्त्यावरून फिरताना हीच रचना दिसते : रस्त्याकडे शटर, आत माल, मागून किंवा आतूनच जिना आणि वर संसार. अशा घरात, आणि साध्या पत्र्याच्या किंवा माळवदाच्या घरातही, धुराची सूचना देणारे छोटे यंत्र लावता येते का, आणि लावायचे तर नेमके कुठे, याचा हा आढावा.

आगीत माणूस भाजण्याआधीच का दगावतो?

घराला लागलेल्या आगीत बहुतेक बळी ज्वाळांचे नसतात, धुराचे असतात. गादी-सोफ्यातील फोम, प्लास्टिकच्या खुर्च्या, सिंथेटिक पडदे, प्लायवूडवरचा लॅमिनेट हे जळू लागले की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू बाहेर पडतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेला माणूस झोपेतून थेट बेशुद्धीत जातो. ‘धुराच्या वासाने जाग येईलच की’ हा समज सर्वदूर आहे आणि तो खोटा आहे. गाढ झोपेत नाक जवळजवळ बंदच असते. कान मात्र जागे असतात, म्हणूनच वासावर न विसंबता आवाज करणारे यंत्र लागते.

दुसरा मुद्दा वेळेचा. अमेरिकेतील यूएल या चाचणी संस्थेच्या प्रयोगांनुसार ४० वर्षांपूर्वीच्या सामानसुमानाच्या घरातून आग लागल्यावर बाहेर पडायला सुमारे १७ मिनिटे मिळत. आजच्या फोम-प्लास्टिकच्या घरात ती तीन मिनिटे किंवा त्याहून कमी उरली आहेत. आपल्याकडेही सागवानी पेटी, घोंगडी आणि लोखंडी खाट जाऊन प्लायवूडचे कपाट, फोमची गादी आणि सोफासेट आला आहे. गावातले घर आता शहरातल्या घरासारखेच जळते. फरक इतकाच की शहरात अग्निशमन केंद्र त्या मानाने जवळ असते. खर्ड्यापासून जामखेड वीस-पंचवीस किलोमीटर आहे आणि अहिल्यानगर तर शंभर किलोमीटरच्या घरात. पहिल्या तीन मिनिटांत जे करायचे ते घरातल्यांनाच करावे लागते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात आगीच्या दुर्घटनांत ७,४३५ जणांचा मृत्यू झाला आणि त्यातील निम्म्याहून अधिक मृत्यू राहत्या घरांतील होते. आपल्याकडे चर्चा होते ती रुग्णालये आणि कारखान्यांची. जानेवारी २०२१ मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ११ करोना रुग्ण गेले. चर्चा व्हायलाच हवी होती. घरातल्या आगीची चौकशी मात्र ‘शॉर्टसर्किट’ या एका शब्दावर थांबते.

बाजारात मिळणारे सगळेच डिटेक्टर घरी चालतात का?

नाही, आणि खरेदी करताना फसगत होते ती इथेच. ‘स्मोक डिटेक्टर’ या नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक असते पॅनेलला जोडण्याचे डिटेक्टर. हॉटेल, बँक, मॉलच्या छतावर दिसते ते. त्याला स्वतःची बॅटरी नसते, भोंगाही नसतो. धूर जाणवला की ते तारेवरून पॅनेलला कळवते आणि भोंगा पॅनेल वाजवते. हे स्वस्त मिळते म्हणून कोणी घरी आणून छताला चिकटवले तर ते शोभेची वस्तू होते. घरासाठी हवा तो ‘स्टँड अलोन’ स्मोक अलार्म. बॅटरी, धूर ओळखणारा कप्पा आणि भोंगा एकाच डब्यात असतात. किंमत साधारण काही शेकड्यांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत. दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : ‘तार न जोडता हा वाजतो का?’ आणि बटण दाबून वाजवून घ्यावा. दहा फुटांवर ८५ डेसिबल इतका त्याचा आवाज असायला हवा. बंद दाराआडही झोपमोड होईल असा हा आवाज.

आतले तंत्रही दोन प्रकारचे. आयनीकरण पद्धतीच्या डिटेक्टरमध्ये अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अगदी सूक्ष्म अंश असतो. भडकून पेटणारी आग तो लवकर ओळखतो. फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या डिटेक्टरमध्ये प्रकाशाचा बारीक झोत असतो. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि भोंगा वाजतो. धुमसणारी आग हा लवकर पकडतो. आपल्या घरांत रात्री लागणाऱ्या आगी बऱ्याचदा धुमसणाऱ्याच असतात : खाटेखाली सरकलेली मच्छरांची कॉइल, गादीवर पडलेली विडी, तापून वितळणारी वायर, उशाशी चार्जिंगला लावलेला मोबाइल. शिवाय स्वयंपाकाच्या वाफेने आणि फोडणीने विनाकारण वाजण्याचे प्रमाण फोटोइलेक्ट्रिकमध्ये कमी. तेव्हा घरासाठी तोच घ्यावा.

एकच घेणे परवडत असेल तर तो कुठे लावायचा?

जिथे माणसे झोपतात तिथे. प्रश्न सोपा वाटतो, पण बहुतेक जण डिटेक्टर पहिल्यांदा स्वयंपाकघरात लावायला निघतात. ‘आग तिथेच लागते ना’ हा त्यामागचा विचार. आग कुठे लागते यापेक्षा भोंगा कोणाला ऐकू गेला पाहिजे हे महत्त्वाचे. स्वयंपाकघरात आग लागते तेव्हा सहसा कोणीतरी जागे असते आणि समोर उभे असते. जीव जातात ते झोपेत.

अमेरिकेतील एनएफपीए या संस्थेच्या मानकानुसार प्रत्येक शयनखोलीत एक, शयनखोल्यांबाहेरच्या जागेत एक आणि घराच्या प्रत्येक मजल्यावर किमान एक असा हिशेब आहे. तीन खोल्यांच्या घरात एवढे लावणे कोणाला जड वाटेल. मग क्रम असा धरावा. पहिला, झोपायच्या खोलीच्या दाराबाहेर, स्वयंपाकघर आणि झोपायची जागा यांच्या मधल्या खोलीत. स्वयंपाकघराकडून किंवा पुढच्या खोलीकडून आलेला धूर त्याला आधी भेटतो. दुसरा, म्हातारी माणसे किंवा मुले झोपतात त्या खोलीच्या आत, कारण तिथे दार लावलेले असते, कॉइल असते आणि चार्जरही असतो. माडी असेल तर तिसरा जिन्याच्या माथ्यावर. जिना हा धुरासाठी धुराडेच असतो. खालच्या मजल्यावरचा धूर सगळ्यात आधी तिथूनच वर चढतो. जपानने २००६ पासून नव्या घरांना आणि २०११ पर्यंत जुन्या घरांनाही डिटेक्टर सक्तीचे केले, तेव्हा शयनखोली आणि वरच्या मजल्यावर झोपत असतील तर जिना, याच दोन जागांवर भर दिला.

मुलांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. लहान मुले इतकी गाढ झोपतात की नेहमीच्या उच्च स्वरातील भोंग्याने ती उठत नाहीत, असे परदेशांतील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. भोंगा मोठ्यांसाठी आहे. मुलांना उचलायला कोणी जायचे हे आधी ठरलेले असावे.

छतावर नेमकी जागा कोणती? पंख्याचे काय करायचे?

धूर गरम असतो, वर जातो आणि छताला लागून पसरतो. म्हणून सपाट स्लॅब असेल तर छताच्या मध्याजवळची जागा सर्वांत चांगली. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात मात्र हवा कोंडलेली राहते आणि धूर उशिरा पोहोचतो. कोपऱ्यापासून निदान चार इंच अंतर सोडावे. भिंतीवर लावायचा झाल्यास यंत्राचा वरचा काठ छतापासून चार इंचांच्या खाली आणि बारा इंचांच्या वर. हाताला येईल अशा उंचीवर, स्विचबोर्डशेजारी लावलेला डिटेक्टर वाजेल तेव्हा खोली धुराने भरून गेलेली असेल.

परदेशी पत्रकांत ‘छताच्या मध्यभागी’ असे छापलेले असते, आणि आपल्याकडे छताच्या मध्यभागी पंखा असतो. तो मार्च ते ऑक्टोबर रात्रभर फिरतो. पंख्याचा झोत धूर उडवून लावतो, म्हणून पात्याच्या टोकापासून डिटेक्टर तीन फूट दूर असावा असा नियम आहे. आता दहा बाय दहाची खोली घ्या. साधा १२०० मिलिमीटरचा पंखा मध्यापासून दोन फूट पसरतो. त्यापुढे तीन फूट सोडले की पाच फूट झाले, म्हणजे आपण थेट भिंतीवर पोहोचलो. मग करायचे काय? खोलीच्या कोपऱ्याकडे सरकायचे. मध्यापासून कोपरा सात फुटांवर असतो. त्या तिरक्या रेषेवर, मध्यापासून पाच ते सहा फुटांच्या दरम्यान छतावर एक पट्टा मिळतो. तिथे दोन्ही भिंतींपासून चार इंचांहून जास्त अंतर आपोआप राहते. कोणता कोपरा निवडायचा? दाराकडचा, पण दाराच्या अगदी डोक्यावर नाही. आणि खिडकीतल्या कूलरच्या झोतात तर मुळीच नाही. कूलर लावलेल्या खोलीत त्याच्या समोरची भिंत टाळून बाजूची भिंत धरावी. एसी असेल तर त्याच्या तोंडापासून तीन फूट तरी दूर. जपानी नियमात हे अंतर दीड मीटर आहे.

न्हाणीघराचे दारही तीन फूट लांब असावे. हिवाळ्यात पहाटे गरम पाण्याची वाफ बाहेर आली की डिटेक्टरला तो धूरच वाटतो.

पत्र्याचे आणि माळवदाचे घर असेल तर?

परदेशी माहितीपत्रके इथे जवळजवळ निरुपयोगी ठरतात, कारण ती घरेच वेगळी. पण तत्त्वे तीच लावता येतात.

उताराचा पत्रा असेल तर धूर आढ्याकडे चढतो. त्यामुळे डिटेक्टर आढ्यापासून तीन फुटांच्या आत असावा, पण अगदी टोकाच्या बेचक्यात नको, तिथे पुन्हा कोंडलेली हवा. हा झाला नियम. अडचण पुढे आहे. उघडा पत्रा उन्हाने तापतो आणि त्याच्या लगतच्या हवेचा थर इतका गरम होतो की थंड, धुमसता धूर त्या थराला भेदून वर जातच नाही, खालीच तरंगत राहतो. छताला उष्णतारोधक थर नसेल तर अमेरिकेतही डिटेक्टर छताला न लावता आतल्या भिंतीवर, छतापासून चार ते बारा इंच खाली लावायला सांगतात. आपल्या पत्र्याच्या खोल्यांना हेच लागू आहे. ‘आतली भिंत’ हा शब्द महत्त्वाचा : बाहेरच्या उन्हाने तापणारी पश्चिमेची भिंत नव्हे, दोन खोल्यांमधली.

खोक्यावरचा एक आकडाही वाचावा. पुष्कळ डिटेक्टरांवर वापराचे तापमान शून्य ते ३८ किंवा ४० अंश असे लिहिलेले असते. जामखेड-खर्ड्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखाली तो त्याच्याही पुढे जातो. ५० किंवा ५५ अंशांपर्यंत चालणारे यंत्र मिळते, ते घ्यावे. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

माळवद, म्हणजे धाब्याचे घर, उन्हाळ्यात थंड असते. त्यामुळे तापलेल्या थराची अडचण तिथे नाही. तिथे अडचण तुळयांची आणि मातीची. लाकडी सरे आणि तुळया यांच्या मधल्या खणांत धूर आधी साचतो असे वाटते आणि डिटेक्टर खणात खुपसावासा वाटतो. पण एका खणात साचलेला धूर शेजारच्या खणात पोहोचायला वेळ लागतो. नियम असा की डिटेक्टर सऱ्याच्या खालच्या अंगाला लावायचा, म्हणजे कोणत्याही खणातून ओसंडलेला धूर त्याला भेटतो. माळवदातून माती झिरपते, पेंढा-पाचटाचा कचरा पडतो, कोळी जाळी करतात. हे सगळे डिटेक्टरच्या जाळीत अडकते. एक तर तो विनाकारण वाजतो, नाही तर वाजायचाच बंद होतो. अशा घरात दर महिन्याला मऊ कुंचल्याने झटकणे आले. छतात उजेडासाठी सानं ठेवलेले असेल तर डिटेक्टर त्याच्या जवळ नको, धूर यंत्राला चुकवून तिथूनच निघून जाईल.

शेजारच्या गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीजवळ डिटेक्टर लावण्यात अर्थ नाही. धूळ आणि भुसकट त्याला आठवड्यातच निकामी करतील. गंजच घरापासून दूर रचणे हा तिथला उपाय आहे, आणि तो जुन्या लोकांना ठाऊकच होता.

फोडणी, चूल आणि देवघर यांचे काय?

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत स्मोक अलार्म म्हणजे स्वयंपाकाचा वैरी. मोहरी तडतडली, भाकरी शेकली की तो बोंब ठोकतो आणि घरातले कोणीतरी खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालते. शेवटी कंटाळून बॅटरी काढून ठेवली जाते, आणि हाच सगळ्यात मोठा धोका आहे. खर्डा गावात मिरच्या भाजून खर्डा करायला घेतला तर खोकणाऱ्या माणसांच्या आधी भोंगा वाजेल, हे सांगायला तज्ज्ञ नको.

म्हणून स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावूच नये. शेगडीपासून किमान दहा फूट दूर, पुढच्या खोलीत लावावा. स्वयंपाकघरात काही हवेच असेल तर ‘हीट अलार्म’ लावावा. तो धुराला दाद देत नाही, हवा साधारण ५७-५८ अंशांवर गेली की वाजतो. मात्र उघड्या पत्र्याला चिकटवून हीट अलार्म लावला तर भर उन्हात तो दुपारीच वाजायला लागेल, तेव्हा तोही भिंतीवर. घरात चूल असेल तर त्या खोलीत आणि तिच्या लगतच्या पडवीतही स्मोक अलार्म टिकणार नाही. चुलीचा काजळीचा थर त्याला आंधळा करतो.

देवघराला वेगळी सूट नाही. उदबत्ती, धूप, कापूर, समई यांचा धूर म्हणजे धूरच. देव्हाऱ्याच्या अगदी वर डिटेक्टर नको, पण खोलीच देवघराची आणि झोपायचीही असेल तर त्याच खोलीत, दुसऱ्या टोकाला लावावा. रात्री तेवत राहिलेली समई आणि वाऱ्याने हलणारा पडदा यांचा जोड चांगला नाही.

गॅसगळतीचा डिटेक्टर ही तिसरीच वस्तू. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. त्यामुळे गॅस डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावतात, स्मोक अलार्म छताजवळ. एकाच्या जागी दुसरा लावला तर दोन्ही निरुपयोगी. दुकानात ‘दोन्ही कामे करतो’ म्हणून एकच डबा दाखवला तर तो बसवणार कुठे, हे विचारावे.

खाली दुकान, वर घर असेल तर किती डिटेक्टर लागतील?

सुरुवातीच्या चारही घटना आठवल्या तर खरा प्रश्न हाच आहे. वर माणसे झोपलेली असतात आणि आग खाली बंद शटरच्या आत लागते. वरच्या खोलीतला डिटेक्टर वाजेल तोवर खालचे दुकान पेटलेले असते आणि जिना धुराने भरलेला असतो. बाहेर पडायचा रस्ता त्याच जिन्यातून, त्याच शटरखालून जातो. म्हणून अशा घरात पहिला डिटेक्टर दुकानात लागतो, पण तो वाजलेला वर ऐकू आला पाहिजे. स्लॅब, बंद दार आणि फिरता पंखा यांच्या पलीकडे खालचा भोंगा ऐकू येईल याची खात्री नाही.

यावर उपाय म्हणजे एकमेकांना जोडलेले अलार्म. एक वाजला की सगळे वाजतात. पूर्वी त्यासाठी वायर ओढावी लागे, आता रेडिओ लहरींवर चालणारे बिनतारी संच मिळतात. स्कॉटलंडने फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात असे जोडलेले अलार्म असण्याचा नियम केला. आपल्याकडे दुकान-घरासाठी तीन नग पुरतात : दुकानात मालाच्या वर एक, जिन्याच्या माथ्यावर एक, झोपायच्या खोलीत एक. दुकानात बसवताना माल छताला भिडलेला नसावा. रॅकच्या वरचा माल डिटेक्टरच्या अंगावर आला तर धूर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हार्डवेअर, फर्निचर, कापड, रंग, फोम यांपैकी काहीही विकत असाल तर हा खर्च टाळण्यासारखा नाही. दुकानात रात्री ई-बाइक किंवा इन्व्हर्टरची बॅटरी चार्जिंगला असेल तर ती जिन्याखाली ठेवू नये. बाहेर पडायच्या वाटेवरच आग लागेल अशी व्यवस्था आपण स्वतःच करून ठेवतो.

आणि डिटेक्टरच्या मर्यादेची गोष्ट इथेच सांगायला हवी. तो फक्त उठवतो. उठून जायचे कुठे? मागच्या खिडकीला पक्के ग्रिल, गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली खाली गल्ल्यात, अशी स्थिती असेल तर भोंग्याने मिळालेल्या तीन मिनिटांचा काही उपयोग नाही. चोराच्या भीतीने बंद केलेल्या घरात एक तरी ग्रिल आतून उघडणारे असावे. गच्चीच्या कुलपाची किल्ली दारापाशीच, अंधारात हाताला लागेल अशी टांगलेली असावी. आगीचा प्रश्न शेवटी जिन्याचा आणि किल्लीचा आहे, असे माझे मत आहे. यंत्र त्यानंतर येते.

कायद्याने हे बंधनकारक आहे का?

लहान घरांसाठी नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ चा मुख्य रोख उंच इमारती, रुग्णालये, शाळा, हॉटेले, गोदामे यांवर आहे. तिथल्या मालकांनी यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात आग आणि जीवसुरक्षेची तपशीलवार मानके आहेत, तर आगशोधक यंत्रणा निवडणे-बसवणे यासाठी आयएस २१८९ हे भारतीय मानक आहे. पण गावच्या दुमजली घरापर्यंत यांतले काही येत नाही. तिथे तपासायला कोणी येणार नाही. सक्ती नाही, अनुदान नाही.

बसवल्यानंतर काय करावे लागते?

महिन्यातून एकदा बटण दाबून वाजवणे. वीजबिल भरण्याचा दिवस त्यासाठी ठरवून टाकावा. जवळ उदबत्ती धरून तपासू नये, काजळी आत जाते. दर मिनिटाला एकदा ‘टिक’ असा आवाज यायला लागला तर बॅटरी संपत आली आहे. लोक या टिकटिकीला वैतागून यंत्रच काढून ठेवतात, त्यापेक्षा त्याच दिवशी नऊ व्होल्टची बॅटरी आणावी. दहा वर्षांची बंद लिथियम बॅटरी असलेली यंत्रेही मिळतात, ती गावासाठी जास्त सोयीची. भारनियमनाचा या कशावरही परिणाम होत नाही, कारण ती घरच्या विजेवर चालतच नाहीत. रंगकाम किंवा नवरात्राआधीची झाडलोट करताना डिटेक्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि संध्याकाळी ती आठवणीने काढावी. दहा वर्षे झाली की यंत्र बदलायचे, बटण दाबल्यावर वाजत असले तरीही. बटणाने भोंग्याची खात्री होते, आतला सेन्सर मात्र जुना होऊन मंदावलेला असतो. उत्पादनाची तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. बसवतानाच ती स्केचपेनने पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली तर दरवेळी यंत्र उतरवावे लागत नाही.

वर्षातून एक-दोनदा रात्री, सगळे झोपल्यावर वाजवून पाहावा. कोण उठते, कोण उठत नाही, कोण कुठल्या दाराकडे जाते हे त्या रात्री कळते. बाहेर पडून सगळ्यांनी जमायची जागा ठरलेली असावी, समोरचा पार किंवा शेजाऱ्याचे अंगण, म्हणजे कोणी आत राहिले का हे मोजता येते. मग १०१ किंवा ११२ ला फोन, तोही बाहेर आल्यावर. बंब जामखेडहून किंवा त्याहून लांबून येईपर्यंत कोणीही पैशाच्या डब्यासाठी किंवा कागदपत्रांसाठी पुन्हा आत जायचे नाही, हे घरात आधीच बोलून ठेवावे.